तळघराच्या भिंतीतली भेग: काय भरायचं, आणि कुठे भरून भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली एक भेग तळापर्यंत गेली आहे. वर साधारण १ मिमी, खाली केसाएवढी. पाऊस लागून राहिला की तिच्यातून पाणी उतरतं. दुसरी भिंत जुनी, पोकळ ब्लॉकची. तिच्यात मध्यावर सुमारे ४ मीटर लांबीची आडवी भेग आहे, पण ती कोरडी, म्हणून ‘तिचं नंतर बघू’. शिवाय भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे ओलीची रेघ. तीन जणांना दाखवलं. एक म्हणाला इपॉक्सी (घट्ट चिकटून कडक होणारा गोंद) भरा, दुसरा म्हणाला पीयू (पॉलीयुरेथेनचा फुगणारा फोम), तिसरा म्हणाला आतून सरसकट वॉटरप्रूफ गिलावा मारून टाकू. ऐकायचं कोणाचं?

आधी एक गोष्ट सांगतो: तुमचा क्रम उलटा लागलाय. पाणी दिसतं म्हणून गळणारी भेग मोठी वाटते आणि कोरडी म्हणून दुसरी मागे पडते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिल्या भेगेची फारशी काळजी वाटत नाही. कोरड्या आडव्या भेगेची वाटते.

कारण साधं आहे. काँक्रीट वाळताना आकसतं. मोकळं सोडलं तर ६ मीटर लांबीची भिंत ढोबळमानाने ३ मिमी आखूड व्हायला बघते. पण खाली पाया तिला धरून असतो, तो आकसू देत नाही. मग ती ताणली जाते आणि जिथे सगळ्यात अशक्त जागा असेल तिथे फाटते. खिडकीचा कोपरा ही तशी ठरलेली जागा. अशी भेग उभी किंवा किंचित तिरकी असते, पायाजवळ बारीक आणि वर रुंद होत जाते, बांधकामानंतर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत येते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं. भिंतीने स्वतःचा ताण एकदाच मोकळा केला आणि विषय संपवला.

आडव्या भेगेची गोष्ट वेगळी. ब्लॉकच्या भिंतीत मध्यावर आडवी भेग येते तेव्हा बाहेरची माती भिंतीला आत ढकलत असते. भिंत खाली फरशीला आणि वर छताला टेकलेली, मधे आधार नाही, म्हणून ती पोट काढते. पोट आतल्या बाजूला येतं, आतला पृष्ठभाग ताणला जातो आणि मधल्या दर्जा (ब्लॉकमधले सांधे) उघडतात. भिंतीमागे २.४ मीटर उंचीपर्यंत नुसतं पाणी साठलं तरी दर मीटर लांबीमागे सुमारे २.९ टन रेटा येतो, मातीचा वेगळा. ६ मीटरच्या भिंतीवर नुसत्या पाण्याचाच १७ टनांच्या वर गेला. ओली झाली की फुगणारी चिकणमाती असेल तर त्यात आणखी भर. पोकळ ब्लॉकच्या, सळई नसलेल्या भिंतीला एवढं आडवं ओझं पेलायला बनवलेलंच नसतं. आणि आतून ती कोरडी का दिसते? कित्येकदा पाणी ब्लॉकच्या पोकळ्यांत उतरून तळाशी साठलेलं असतं. तुमची फरशीजवळची ओलीची रेघ कुठल्या भिंतीखाली आहे ते बघा. ब्लॉकच्या भिंतीखाली असेल तर सर्वात खालच्या थराच्या ब्लॉकला बोटभर व्यासाचं भोक पाडून पाहा. बादली हाताशी ठेवा. मी हे गमतीने म्हणत नाहीये.

म्हणून पहिलं काम मोजणं. लेसर वगैरे काही लागत नाही, ओळंबा आणि दोरी पुरे. आडव्या भेगेच्या भिंतीला दोन्ही टोकांना, भेगेच्याच उंचीवर, सारख्या जाडीचे दोन लाकडी ठोकळे लावा, त्यांवरून दोरी ताठ बांधा आणि मधे दर अर्ध्या मीटरवर दोरी ते भिंत अंतर मोजून लिहून ठेवा. ठोकळ्यांपेक्षा जेवढं कमी भरेल तेवढं भिंतीने पोट काढलंय. मग छतापासून ओळंबा सोडून वरून खाली पाहा. सगळ्यात खालचा थर फरशीवर आत सरकलाय का, की वरचं टोक कललंय? या तीन गोष्टींना तीन वेगळे उपाय आहेत, आणि नुसत्या भेगेकडे बघून त्या कळत नाहीत. कोपऱ्यांजवळ जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या भेगा आहेत का तेही बघा. असतील तर कोपऱ्यातल्या आडव्या भिंतीने तेवढा भाग धरून ठेवलाय आणि मधला सरकतोय.

दुसरं, भेग जिवंत आहे की थांबलेली. भेगेच्या टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेगेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन असे तीन छोटे स्क्रू त्रिकोणात बसवा. व्हर्नियर कॅलिपरने तिन्ही अंतरं महिन्यातून एकदा, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळेला मोजा. दोनच स्क्रू लावले तर भेग रुंदावली एवढंच कळतं. तीन असले की एक बाजू वरखाली सरकली का तेही कळतं. जुने लोक भेगेवर काचेची पट्टी चिकटवत, पण ती फुटली म्हणजे हालचाल झाली एवढंच सांगते, किती आणि कुठल्या दिशेला ते सांगत नाही. एक ओला आणि एक कोरडा हंगाम मोजमाप झालं की निर्णय घेण्यासारखं काही हातात येतं. आडव्या भेगेसाठी मात्र वर्षभर थांबू नका. पोट २० मिमीच्या पुढे दिसलं किंवा एका महिन्यातच आकडा हलला, तर लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

हे मोजमापाचं वेड मला सुखासुखी लागलेलं नाही. उमेदीच्या काळात एका तळघरात तिरक्या भेगेला मी भर उन्हाळ्यात, सगळं खडखडीत कोरडं असताना, इपॉक्सी भरलं. काम देखणं झालं. पुढच्या पावसाळ्यानंतर घरमालकाचा निरोप आला: तुमची भेग शाबूत आहे, शेजारी वीतभर अंतरावर नवी आली आहे. पाया एका कोपऱ्यात खचत होता आणि मी भिंतीला जिथे ती आपणहून हलत होती तिथेच सिमेंटपेक्षा चिवट गोंदाने जखडून टाकलं होतं. नीट भरलेलं इपॉक्सी आजूबाजूच्या काँक्रीटपेक्षा जास्त ताण सोसतं. म्हणून हालचाल सुरूच असेल तर भिंत तिथे न फाटता शेजारी फाटते. इपॉक्सीचा काही दोष नव्हता.

आता वस्तूंकडे येऊ. दुरुस्तीकडून तीनपैकी नेमकं काय हवंय ते आधी ठरवा: फुटलेले दोन भाग पुन्हा एकजीव करायचेत, पाणी अडवायचंय, की ढकलली जाणारी भिंत धरून ठेवायचीय. इपॉक्सी पहिलं काम करतं, पीयू दुसरं. तिसरं काम या दोघांपैकी कोणीच करत नाही. तुम्हाला भेटलेले पहिले दोघे तुमच्याशी दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत होते.

इपॉक्सी कमी दाबाने भेगेत ढकललं जातं. पातळ प्रकारचं असेल तर अगदी ०.०५ मिमीच्या भेगेतही शिरतं. भेग थांबलेली हवी, आत कोरडी हवी (ओलसर काँक्रीटवर चालणारे प्रकार मिळतात, पण वाहत्या पाण्यात कुठलंच धड चिकटत नाही) आणि स्वच्छ हवी. भिंतीच्या जाडीएवढ्या अंतरावर, म्हणजे साधारण १५० ते २०० मिमीवर, भेगेवर पोर्ट (माल भरायच्या छोट्या नळ्या) चिकटवतात, मधली भेग इपॉक्सीच्या लांबीने (पुट्टीने) वरून बंद करतात आणि ती कडक झाली की सगळ्यात खालच्या पोर्टमधून भरायला सुरुवात करतात. वरच्या पोर्टमधून माल बाहेर आला की खालचं बंद करायचं आणि वर सरकायचं. घाई केली, दाब वाढवला, की लांबी सुटते किंवा माल सोपी वाट धरतो आणि बारीक जागा रिकाम्या राहतात. भेग आधी ग्राइंडरने घासू देऊ नका. बारीक भुकटी आत जाऊन तोंडच बंद करते. तारेचा ब्रश आणि व्हॅक्यूम पुरे.

काम नीट झालं का हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. हिशोब करा. भिंत २.४ मीटर उंच, २०० मिमी जाड आणि भेग सरासरी १ मिमी, तर आतली पोकळी अर्ध्या लिटरच्या आसपास. तुमची भेग वर १ मिमी आणि खाली केसाएवढी, म्हणजे सरासरी अर्धा मिमी धरली तर पाव लिटर. पन्नास मिलिलिटरमध्ये ‘झालं’ म्हणाला तर फक्त पुढचा पापुद्रा भरलाय. दोन लिटर गेलं तरी थांबत नसेल तर माल मागच्या मातीत चाललाय किंवा आत हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळ, जाळीदार जागा) आहे. भरणाऱ्याला आधी आणि नंतर डबा दाखवायला सांगा. चांगला कारागीर हसून दाखवतो.

पीयू पाण्याशी भेटलं की फसफसून फुगतं आणि भेग भरून टाकतं. भेग ओली असेल, चालू गळती असेल, तरी चालतं. उलट पाणी नसेल तर आधी थोडं पाणी आत सोडावं लागतं. थोडी लवचिकता असल्यामुळे हंगामी बारीक हालचाल ते सोसतं. यात भोकं भेगेवर पाडत नाहीत. बाजूने ४५ अंशात पाडतात, जेणेकरून ती भिंतीच्या मध्यावर भेगेला छेदतील. २०० मिमीच्या भिंतीत भेगेपासून साधारण १०० मिमीवर, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सरळ भेगेत भोक पाडून वरवर फोम मारणारे बरेच भेटतात. बाहेर आलेला फेस बघून गिऱ्हाईक खूश होतं आणि आत मागची अर्धी भिंत कोरीच राहते.

पीयूमध्येही दोन जाती आहेत आणि इथे फसगत होते. एक जात पाणी शोषून जेलसारखी फुगते आणि वाळली की आकसते. कायम ओल्या जागेत ती छान, पण ज्या भिंतीमागची माती वर्षातले कित्येक महिने सुकते तिथे ती सुटते आणि पुढच्या पावसात पुन्हा गळती. दुसरी जात प्रतिक्रियेपुरतं पाणी घेते, नंतर ते दूर ठेवते आणि वाळल्यावर फारशी आकसत नाही. तुमची भेग फक्त पावसात गळते, म्हणजे तुम्हाला दुसरी हवी. डब्यावर हायड्रोफोबिक लिहिलेलं बघा. हायड्रोफिलिक असेल तर नको म्हणा.

आणखी एक गोष्ट, ही नंतर दुरुस्त करता येत नाही. भेगेत एकदा पीयू भरलं की तिथे इपॉक्सीची वाट बंद झाली. फोमचे अवशेष काँक्रीटच्या दोन्ही ओठांना चिकटून राहतात, ते काढता येत नाहीत आणि इपॉक्सीला धरायला काँक्रीट सापडत नाही. त्यामुळे भेग भार वाहणाऱ्या जागेत असेल, वर तुळईचं टेकण असेल, तर सोय म्हणून आधी फोम मारून घेऊ नका. तुमच्या खिडकीखालच्या भेगेवर असं काही ओझं नसेल, दोन्ही ओठ एकाच पातळीत असतील (नखाने आडवं घासून बघा, ठेच लागते का) आणि वरच्या मजल्यावर दारं अडकत नसतील, तर तिला एकजीव करण्याची गरजच नाही. पाणी अडवलं की झालं. मी असतो तर पीयू भरलं असतं.

तिसऱ्याचा वॉटरप्रूफ गिलावा. पाणी बाहेरून येतं आणि गिलावा आत. म्हणजे पाण्याचा दाब त्याला भिंतीपासून ढकलतोय आणि तो नुसत्या चिकटण्याच्या जोरावर उभा. रंगासारखे पातळ लेप तर फोड येऊन पोपड्यांनी निघतात. स्फटिक तयार करणारे सिमेंटचे लेप त्यातल्या त्यात बरे, ते काँक्रीटच्या रंध्रांत शिरून तिथेच वाढतात, त्यामुळे आतल्या बाजूनेही टिकतात. सगळ्या भिंतीतून दमट ओल येत असेल आणि भेगा केसाएवढ्या, थांबलेल्या असतील तर त्यांचा उपयोग आहे. १ मिमीच्या वाहत्या भेगेवर नाही. आणि गिलाव्याखाली गेलेली भेग पुढे हलली तर ती दिसायचीच बंद होते, हे मला सर्वात खटकतं. तुमच्या आडव्या भेगेवर तर सहा महिने कोणालाही थापी लावू देऊ नका.

झटपट कडक होणारं सिमेंट, जे ३ ते ५ मिनिटांत धरतं, ते वाहतं पाणी तात्पुरतं थोपवायला ठेवा. ते भरताना खाच इंग्रजी व्हीच्या आकाराची करतात, ती चूक. तोंडाकडे रुंद खाचेतला गोळा पाण्याच्या दाबाने सरळ बाहेर पडतो. खाच आत रुंद, तोंडाशी अरुंद हवी.

आता ब्लॉकची भिंत. तिच्यात इंजेक्शन देऊ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. ब्लॉक पोकळ आहेत, माल आत ओघळून तळाशी जाईल. डबे संपतील, भेग तशीच. इथे धरून ठेवण्याचं काम आहे. पोट साधारण ५० मिमीच्या आत असेल, ब्लॉक चिरडलेले नसतील आणि खालचा थर सरकलेला नसेल, तर कार्बन फायबरच्या उभ्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवतात. त्या ताणात जबरदस्त, जागा जवळजवळ खात नाहीत. पण सगळं काही चिकटण्यावर अवलंबून, म्हणून रंग, गिलावा, सगळं घासून कोरा ब्लॉक उघडा करावा लागतो. आणि पट्टीची वरची आणि खालची टोकं बांधलेली हवीत, नाहीतर मधलं पोट थांबतं आणि भिंत तळाशी सरकते. पट्ट्या पोट मागे ढकलत नाहीत, आहे तिथे थांबवतात.

पोट त्याहून जास्त असेल तर भिंतीला लागून उभ्या लोखंडी आय बीम, खाली फरशीत आणि वर छताच्या तुळयांत पक्क्या केलेल्या. किंवा भिंतीतून आरपार सळई नेऊन बाहेरच्या घट्ट मातीत नांगर (अँकर). नांगराला बाहेर मोकळी जागा लागते आणि शेजाऱ्याची हद्द आड येऊ शकते. भिंत पुन्हा सरळ करायची तर बाहेरची माती काढावीच लागते. मग त्याच वेळी बाहेरून वॉटरप्रूफिंगचा पडदा, त्यावर ड्रेनेज बोर्ड, पायाशी भोकांचा पाइप, भोवती कापडात गुंडाळलेली खडी, हे सगळं एकदम करून घ्या. एकदा खणलेलं पुन्हा खणायचा उत्साह कोणालाच राहत नाही. कुठला पर्याय, किती अंतरावर, हे इंजिनिअरने आकड्यांवरून ठरवायचं. बसवणाऱ्याने अंदाजाने नाही.

फरशीजवळची ओलीची रेघ जर काँक्रीटच्या भिंतीखाली असेल तर ती भेगच नाही. पाया आधी ओतला, भिंत नंतर उभी केली, त्यातला सांधा आहे. फरशीखाली पाण्याचा दाब वाढला की ते तिथून वर येतं. नुसता सांधा बुजवलात तर पाणी शेजारून वाट काढेल. फरशीच्या कडेने आतून चर, त्यात पाइप आणि सम्पमध्ये (पाणी जमा होणाऱ्या खड्ड्यात) पंप, हा खात्रीचा मार्ग. त्याने पाणी थांबत नाही, त्याला ठरलेल्या वाटेने बाहेर नेलं जातं, पण तळघर कोरडं राहतं.

पाण्याचाच विषय निघालाय तर छताकडे बघा. १०० चौरस मीटर छतावर २५ मिमी पाऊस पडला की २,५०० लिटर पाणी. ते पन्हळीच्या पाइपमधून पायालगत सोडलं जात असेल तर भिंतीमागचं तळं तुम्हीच भरताय. पाइप घरापासून दूर न्या आणि घराभोवतीची जमीन पहिल्या ३ मीटरमध्ये निदान १५० मिमी बाहेरच्या बाजूला उतरती करा. माती भरताना ती भिंतीच्या ओल रोखणाऱ्या थराच्या वर चढवू नका. हे काम कुठल्याही इंजेक्शनच्या आधीचं. मी अशा भिंती पाहिल्या आहेत जिथे एवढं केल्यावर बारीक भेगा गळायच्या थांबल्या. चुना विरघळून पांढरी रेघ साचते आणि अगदी बारीक भेग आपोआप बुजते, हेही खरंय. तशी पांढरी रेघ तुमच्या भेगेवर असेल तर खरवडून काढायची घाई करू नका, पाणी कुठवर पोचतं हे ती दाखवते.

दोन प्रकार तुम्ही लिहिलेले नाहीत, पण शोधा. सळईच्या रेषेत धावणारी भेग, तांबूस डाग आणि हातोडी मारली की पोकळ आवाज: सळई गंजून फुगतेय. तिथे काहीही भरू नका, काँक्रीट फोडून, सळईच्या मागेपर्यंत साफ करून नव्याने भरावं लागतं. आणि एका टोकाला रुंद होत जाणारी तिरकी भेग, तीही वाढती: पाया खचतोय, पायाखाली आधार देण्याचं काम आहे, भिंतीत नाही.

तर या आठवड्यात: ठोकळे, दोरी, ओळंबा, तीन स्क्रू, पेन्सिल, तळाच्या ब्लॉकला एक भोक. पन्हळीचा पाइप लगेच दूर करा. आडव्या भेगेचे आकडे घेऊन इंजिनिअरकडे जा. खिडकीखालच्या भेगेला पावसाआधी पीयू करून घेतलंत तरी त्यावर रंग-गिलावा एक पावसाळा जाईपर्यंत करू नका. पहिल्या मोठ्या सरीनंतर टॉर्च तिरका धरून भेगेवर वरून खालपर्यंत फिरवा. कुठे चमकलं तर तेवढ्याच टप्प्यात दोन भोकं पाडून पुन्हा भरायचं असतं, आणि त्या परत येण्याबद्दल कारागिराशी आधीच बोलून ठेवा.